चार वाजता सावली कुठे असते? प्राणीसंग्रहालयांच्या कारभाऱ्यांना एका मांडववाल्याचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील प्राणीसंग्रहालयांचे संचालक, अधीक्षक आणि पशुवैद्यकीय अधिकारी,
तसेच त्यांच्या शेडची अंदाजपत्रकं तयार करणारे स्थापत्य अभियंते

विषय: पुढच्या उन्हाळ्याच्या सावलीचा आत्ताच विचार करण्याबाबत

सा. न. वि. वि.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागणारी पोरंही येऊन गेली. बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे, अंगणात गुडघाभर गवत आहे, आणि मी उन्हाविषयी पत्र लिहायला बसलोय. घरात यावरून माझी थट्टा झाली. पण सावलीचं काम भादव्यात मनावर घेतलं तरच ते वैशाखात उभं असतं, हे मला धंद्यानं शिकवलंय. तुमच्याकडे सगळं उलटं चालतं. फेब्रुवारीत फाईल हलते, मार्चअखेर पैसे खर्ची टाकायचे म्हणून निविदा निघते, कार्यादेश हातात पडेपर्यंत एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडतो. मग मे महिन्याच्या भर दुपारी आमची पोरं वाघाला आत कोंडून त्याच्या अंगणात खड्डे खणत असतात. वाघ आत उकडतो, पोरं बाहेर भाजतात, आणि त्या गडबडीत काँक्रीटवर पाणी मारायचं राहून जातं, म्हणून खांबाचा पाया कच्चाच राहतो. हा पाया जूनच्या पहिल्या वादळात आपली कहाणी स्वतः सांगतो.

मी नागपूरचा. सव्वीस वर्षं मांडव आणि शेडनेटचा, म्हणजे ऊन अडवणाऱ्या जाळ्यांचा, धंदा केला. सुरुवात लग्नाच्या मांडवांपासून झाली, मग काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या रोपवाटिका, मग शाळांची मैदानं, मंगल कार्यालयांची वाहनतळं. अलीकडे उन्हाळ्यात सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी हिरव्या जाळ्या लागतात ना, तसलीही कामं केली. आता धंदा मुलगा बघतो. प्राणीसंग्रहालयांची कामं माझ्या हातून मोजकीच झाली, पण जी झाली त्यांतल्या एकानं मला हे पत्र लिहायला भाग पाडलं. ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे हा माणूस वरून उपदेश करतोय असं तुम्हाला वाटणार नाही. चूक माझीच होती. निदान अर्धी.

नागपूरबाहेरचं एक ठिकाण होतं. नाव घेत नाही. चितळांच्या वाडग्यावर, म्हणजे त्यांना ठेवलेल्या कुंपणाच्या आवारावर, सावली करायची होती. कागदावर लिहिलं होतं: शेडनेट, हिरवी, 75 टक्के, इतके चौरस मीटर. उंची लिहिलेली नव्हती. दिशा नव्हती. जागा म्हणून बोटानं दाखवलं, "तिकडं मधोमध घ्या, म्हणजे पब्लिकला दिसलं पाहिजे." मी घेतलं. चार बाजूंना पाइप उभे केले, मध्ये तार ताणली, जाळी बांधली, फोटो काढला, बिल लावलं. काम करत असताना तिथला प्राणीरक्षक, पन्नाशीतला माणूस, दोनदा येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा हळूच म्हणाला, "भाऊ, तो मोठा नर साडेतीनला इथं बसतच नाही जी. तिकडं भिंतीपाशी जाते." मी त्याला सांगितलं, आता सावली इथं झाली की इथंच बसेल. तो काही बोलला नाही.

पंधरा दिवसांनी वावटळ आली आणि तिच्यामागून अवकाळी पाऊस. एका कोपऱ्याची तार सुटली, जाळी झोळीसारखी खाली आली, आणि रात्री त्या मोठ्या नराची शिंगं तिच्यात अडकली. हरीण अडकलं की शांत उभं राहत नाही. ते जीव खाऊन ओढतं, धडपडतं, आणि या जातीची जनावरं जखमेपेक्षा त्या धसक्यानं आणि ओढाताणीनंच मरू शकतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री त्याच प्राणीरक्षकानं डोळ्यांवर पोतं टाकून, विळ्यानं जाळी कापून त्याला सोडवला. नर वाचला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते, आणि तो नर खरोखरच पूर्वेकडच्या भिंतीपाशी, सुबाभळीच्या एका फांदीखाली बसला होता. माझ्या उरलेल्या जाळीची सावली कुठे होती म्हणता? वाडग्याच्या बाहेर. सिमेंटच्या रस्त्यावर. तिथे एक सायकल उभी होती, तिला सावली मिळत होती.

साहेब, मला जे सांगायचंय ते या सायकलीत आलं. तुम्ही छप्पर विकत घेता. जनावर छपरात बसत नाही, ते सावलीत बसतं, आणि सावली छपराखाली असतेच असं नाही.

थोडं गणित मांडतो, माझ्यासारख्या बारावी झालेल्या माणसालाही जमतं असं. नागपूर सुमारे 21.15 उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा भर माध्यान्ही आमच्या बरोबर डोक्यावर येतो. एकदा 26 मेच्या सुमारास, आणि परत जाताना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. शाळेतली पोरं त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणून साजरा करतात, बाटली उन्हात उभी करून. आपल्या आज्यांना हे वेगळ्या नावानं ठाऊक होतं. 25 मेला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात जाळणारे नऊ दिवस आणि शून्य सावली, दोन्ही एकाच आठवड्यात. त्या दिवशी घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली की तुमच्या छपराची सावली नेमकी छपराखाली असते. अंदाजपत्रकाच्या नकाशात जी चौकट काढलेली असते, ती वर्षातून या दोन दिवशी, त्या काही मिनिटांपुरती खरी ठरते.

पण जनावराला झळ सगळ्यात जास्त लागते ती बाराला नाही. हवा तापायला वेळ लागतो. पारा चढलेला असतो तो अडीच ते चारच्या दरम्यान. आता चार मीटर उंचीवर चार बाय चार मीटरचं छप्पर धरा, निविदांमध्ये हे माप फार आवडतं. मेच्या अखेरीस नागपुरात तीन वाजता सूर्य सुमारे 51 अंशांवर असतो आणि सावली पूर्वेकडे सव्वातीन मीटर सरकलेली असते. छपराखाली उरते जेमतेम दीड हाताची पट्टी. चार वाजता सूर्य 37 अंशांवर उतरतो, सावली सव्वापाच मीटर पूर्वेला गेलेली असते. छपराखाली तेव्हा लख्ख ऊन असतं. पाच वाजता ती नऊ मीटरवर असते, खंदकात किंवा कुंपणापलीकडे. पुण्यात कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात हाच खेळ मेच्या दुसऱ्या आठवड्यात होतो आणि तिथं माध्यान्ह साडेबाराला येते; बाकी सगळं तेच.

यावरचा उपाय नवा नाही. जुन्या वाड्यांच्या पश्चिमेला पडवी असायची आणि ती खाली उतरत यायची, इतकी की उंच माणसाला वाकून आत यावं लागे. छप्पर पश्चिमेला उतरतं घ्या, पूर्वेला उंच ठेवा, म्हणजे तापलेली हवा उंच बाजूनं निघून जाते. किंवा पश्चिमेच्या बाजूला वरून अर्ध्यापर्यंत ताटी सोडा. चार मीटरच्या छपराला पश्चिमेकडून दोन मीटरची ताटी लावली तर चार वाजताही ऊन आत फक्त पावणेतीन मीटर शिरतं, उरलेल्या जागेत सावली राहते. आणि ज्यांना उंच छप्पर शोभिवंत वाटतं त्यांना एकच विनंती: जितकं उंच न्याल तितकी सावली लांब पळेल. बसस्थानकाची उंची बिबट्याला काय करायची आहे?

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळायला माझा मेलेला कुत्रा कारणीभूत आहे. सरकत्या सावलीमागे फिरायची त्याची तऱ्हा मी रोज बघायचो. चार वाजता सावली जिथे पोचते ती जमीन सकाळपासून उन्हात तापलेली असते. वर सावली, खाली तवा. तो तिथे उभा राहायचा, पाय उचलायचा, आणि परत बाथरूमच्या मोरीपाशी जाऊन पडायचा, कारण तिथली जमीन दिवसभर सावलीत होती. म्हणून सावली नुसती असून भागत नाही, दुपारच्या सावलीतला काही भाग सकाळपासून सावलीत असावा लागतो. त्यासाठी छप्पर रुंद लागतं, पूर्व-पश्चिम लांब लागतं. आणि खाली कोबा किंवा फरशी नको, माती हवी. धुवायला सोपं म्हणून तुमच्याकडे फरशी घालतात, मला समजतं. पण मग निदान अर्ध्या भागात माती ठेवा आणि सकाळी तिच्यावर पाणी शिंपडा. बाकी काम माती करते.

आता भावकीचा मुद्दा. हसू नका. वाडग्यात एकच सावली केली की ती सगळ्यांची होत नाही, ती दांडग्याची होते. काळवीट असो, वानर असो, नीलगाय असो, कळपात मानपान असतो. मोठा नर मधोमध पसरतो, त्याच्या कडेला त्याच्या मर्जीतल्या माद्या, आणि कालचं पिल्लू घेतलेली बुजरी मादी उन्हात उभी. चौरस मीटर भागिले जनावरांची संख्या, हा हिशोब कागदावर बरोबर निघतो आणि वाडग्यात खोटा ठरतो. एक मोठं छप्पर करण्यापेक्षा तेवढ्याच पैशात तीन-चार सावल्या एकमेकींपासून दूर करा, आणि पाण्याची टाकीही एकच ठेवू नका.

मालाबद्दल सांगतो, कारण इथे तुमची खरी फसवणूक होते. शेडनेटवर 35, 50, 75, 90 असे टक्के लिहिलेले असतात. 50 टक्के म्हणजे अर्धं ऊन आत येतं. ते संत्र्याच्या कलमांना पाहिजे असतं, त्यांना अन्न तयार करायचं असतं. अस्वलाला काळ्याभोर केसांसकट अर्ध्या उन्हात बसवून काय मिळणार? जनावरांसाठी 75 च्या खाली जाऊ नका. जाळीला आयएस 16008 हे भारतीय मानक आहे, निविदेत त्याचा उल्लेख करा आणि नमुना तपासून घ्या. उन्हाला टिकणारं रसायन नसलेली स्वस्त जाळी दोन उन्हाळ्यांत चुरचुरते, तिच्या पट्ट्या सुटतात, आणि रवंथ करणारं जनावर लोंबणारी पट्टी बघितली की चघळणारच. ती पोटात गेली की काय होतं हे आपले डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. म्हणून जाळी कधीच शिंगांच्या, सोंडेच्या किंवा हाताच्या टप्प्यात नको. आणि कडा जाळीलाच गाठ मारून बांधायच्या नसतात, कडेला पट्टा शिवून त्यात लोखंडी डोळे बसवायचे आणि ताण त्या पट्ट्यावर घ्यायचा. मी त्या चितळांकडे काय केलं होतं? गाठी मारल्या होत्या.

पत्र्याबद्दल एवढंच म्हणेन की मे महिन्यात दुपारी त्याच्या खाली हात वर करून उभे राहा. सावलीत उभं राहूनही डोक्यावर शेगडी धरल्यासारखं वाटतं, कारण तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत राहतो. पत्रा घालायचाच असेल तर त्याच्यावर हातभर अंतर सोडून जाळी किंवा तुराट्यांचा थर द्या, म्हणजे ऊन पत्र्यापर्यंत पोचत नाही आणि मधून वारा वाहतो. गवत, शिंदीची पानं, बांबूचे तट्टे, कवेलू म्हणजे कौलं, ही सगळी आपल्याच भागातली सामानं आहेत आणि ती दोन-चार वर्षांनी बदलावी लागतात म्हणून ऑडिटवाल्यांना आवडत नाहीत. त्यांना एकदा खर्च केला आणि वीस वर्षं बघायला लागलं नाही असं काहीतरी हवं असतं. सावलीत तसं काही मिळत नाही.

वारा. हा मुद्दा अभियंत्यांना उद्देशून आहे, त्यामुळे जरा चाचरत लिहितो. बांधकामावर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक म्हणजे आयएस 875, त्याच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, मुंबईलाही तेवढाच, पुण्याला 39. 44 मीटर म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब सपाट पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरला 100 किलोच्या वर जातो. जाळीतून थोडा वारा निघून जातो खरा, पण आमच्याकडची मांडवं खाली कोसळत नाहीत, ती वर उडतात. खांबाचा पाया दाबाच्या हिशोबानं काढू नका, तो उपटून निघू नये या हिशोबानं काढा. त्यातून आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हात खोल घालता येईल इतकी फाटते. तिच्यात तीन फुटांचा खड्डा करून उभा केलेला खांब दुसऱ्या वर्षी कलतो. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आणि गारपीट विसरू नका. जाळीच्या झोळीत साचलेल्या गारांचं वजन मी संत्र्याच्या रोपवाटिकांत बघितलंय, पाइप वाकतात. म्हणून जाळी अशी बसवा की दोन माणसं दोरी ओढून ती पंधरा मिनिटांत गोळा करू शकतील. नाहीतरी पावसाळ्यात तिची गरज नसते, आणि थंडीत तर ती त्रासच. 21 डिसेंबरला इथे भर माध्यान्ही सूर्य दक्षिणेला 45 अंशांवर असतो, छपराची सावली उंचीएवढी उत्तरेला पडते, आणि जनावरं सकाळी कोवळं ऊन शोधत असतात. मेमधली सावली डिसेंबरात आडवी येणार नाही, हे बघायला नकाशावर दोन वेगळ्या चौकटी काढाव्या लागतात. दोनच.

कोणत्या जनावराला काय लागतं हे मी तुम्हाला शिकवणं हास्यास्पद आहे. तरी ठेकेदाराच्या नजरेतून काही गोष्टी दिसतात त्या लिहितो. बिबट्यासाठी खांब म्हणजे शिडी. उभ्यानं तीन मीटर उडी मारणाऱ्या जनावराच्या वाडग्यात छपराची कड भिंतीपासून किंवा खंदकापासून किती लांब आहे, हे आधी मोजा, मग रंग निवडा. मगर आणि सुसरीच्या तळ्यावर सगळीकडे जाळी पसरलेली मी बघितली आहे, चांगल्या भावनेनं केलेली, पण त्यांना अंग शेकायला ऊन लागतं; अर्धं झाका, अर्धं उघडं ठेवा, कुठे पडायचं ते ती ठरवतील. चांदणी कासवांचंही तसंच. पक्ष्यांच्या पिंजऱ्यावर जाळी टाकताना ती पिंजऱ्याच्या तारेला चिकटवून बांधू नका, मध्ये अंतर हवं. अस्वलाच्या वाडग्यात दोरी नको. दोरी सोडवणं हा त्याचा आवडता उद्योग आहे.

मुंबईच्या मंडळींनी नागपूरची नक्कल करू नये, हेही सांगून टाकतो. आमच्याकडे मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे सावलीखाली पाण्याचे फवारे लावले, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, कूलर लावले की खरोखर गारवा येतो. दर एप्रिलमध्ये आमच्या महाराजबाग प्राणीसंग्रहालयातल्या कूलरचे फोटो वर्तमानपत्रात येतात ते उगाच नाही. पण जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. भायखळ्याला तर ती चिकचिक मार्चपासून असते. तिथे फवाऱ्यांपेक्षा वाहता वारा महत्त्वाचा, म्हणून छप्पर उंच आणि पश्चिमेची ताटी वगळता बाकी बाजू मोकळ्या. राणीबागेत 2016 मध्ये आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांना वातानुकूलित घर मिळालं, आणि त्या हॉलमध्ये माणसांचीही गर्दी असते. त्यातले किती पेंग्विन बघायला जातात आणि किती गारव्याला, हे कोणी मोजलं असेल असं वाटत नाही.

पण राणीबागेचं खरं वैभव मला विचाराल तर तिथली झाडं. एकोणिसाव्या शतकात लावलेल्या बागेची सावली आज लोक फुकट वापरताहेत. माझ्या पोटावर पाय आला तरी चालेल, पण खरं सांगायला पाहिजे: जाळी ही झाड वाढेपर्यंतची दाई आहे. प्रत्येक शेड उभी करताना तिच्या पश्चिमेला झाड लावलंच पाहिजे, आणि शेडचे खांब त्या झाडाच्या विस्ताराला जागा सोडून उभे केले पाहिजेत. मी उलटं बघितलंय, शेडसाठी कडुनिंब तोडलेला.

झाड कोणतं, यात मात्र शहरी माणसं हमखास चुकतात. गुलमोहर लावतात. गुलमोहर वसंतात खराटा असतो आणि मेमध्ये फुलतो तेव्हा फोटो छान येतो, सावली विरळच. साग उन्हाळ्यात पानं टाकून उभा राहतो. पळस तर फुलतानाच नागडा. ज्या महिन्यात सावली लागते त्या महिन्यात पानं असलेलं झाड बघायला पाहिजे. करंज एप्रिलमध्ये नव्या पालवीनं दाट झालेला असतो. कडुनिंब मार्चअखेर पानं झाडतो आणि लगेच भरतो. वड, उंबर, जांभूळ, चिंच ही आपली घरची मंडळी. घाई असेल तर वाडग्याच्या पश्चिमेच्या कुंपणाबाहेर वेळू लावा, तीन-चार वर्षांत उतरतं ऊन अडवायला लागतो. सांबरं शिंगं घासून खोडाची साल काढतात, म्हणून खोडाला जाळीचा पिंजरा. आणि शोभेसाठी कण्हेर लावायचा मोह आवरा, तृणभक्षी जनावरांच्या तोंडापाशी ती विषारी झुडपं कशाला?

माणसांच्या सावलीबद्दल आता लिहितो, तुम्हाला वाटलं असेल हा विसरला. नाही. प्रेक्षकांच्या जागेवर सावली करणं ही जनावराचीच सोय आहे. भर उन्हात उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत वैतागतो, लेकरू रडायला लागतं, वाघ लांब कुठेतरी भिंतीमागे झोपलेला असतो, आणि मग "ए, उठ!" सुरू होतं, शिट्ट्या, टाळ्या, एखादा दगड. हे टाळायचं असेल तर जनावराची सावली मागच्या भिंतीपाशी ढकलू नका. ती समोर, पण दूर अंतरावर आणि थोड्या उंचवट्यावर असू द्या, आणि बरोबर तिच्यासमोर माणसांची सावली. दोघंही आपापल्या सावलीत बसून एकमेकांकडे बघतील. काच लावली असेल तर माणसांची बाजू अंधारी ठेवण्याचा आणखी एक फायदा असतो, काचेवर स्वतःचंच तोंड दिसत नाही. आणि जनावराला माणसांपासून तोंड फिरवून बसता येईल अशी दुसरी एक सावली आडोशाला हवीच, ती त्याची हक्काची.

प्राणीसंग्रहालय मान्यता नियम 1992 मध्ये आले, 2009 मध्ये नव्यानं आले. मी ते मुलाकडून वाचून घेतले. प्रत्येक वाडग्यात निवारा असावा, आडोसा असावा, डुंबायला आणि प्यायला पाणी असावं, टोकाच्या हवामानापासून जनावराचं रक्षण व्हावं, असा त्यांचा आशय आहे. चांगलं लिहिलंय. पण हाच निवारा निविदेत उतरतो तेव्हा त्याचं "शेड, चार बाय चार, एक नग" होतं. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचे तपासणी अधिकारी येतात, नग मोजतात, एक भरतो. माझी मागणी फार मोठी नाही. निविदेत छपराचे चौरस मीटर लिहिता तसे सावलीचे लिहा. "26 मे रोजी दुपारी तीन आणि चार वाजता वाडग्याच्या आत, जमिनीवर, इतके चौरस मीटर सावली मिळेल; त्यातली इतकी सकाळी दहापासून सावलीत असेल." एवढं एक वाक्य आलं की माझ्यासारख्या ठेकेदाराला मधोमध चार पाइप रोवून फोटो काढून पळता येणार नाही. आणि देयक देताना त्या दिवशी, त्या वेळेला, टेप घेऊन या. ऊन असेलच.

तोवर करायचं काम स्वस्त आहे. येत्या दिवाळीनंतर एक दिवस काढा. वाडग्यात जनावर आत घेतल्यावर, जिथे छप्पर करायचं मनात आहे तिथे हव्या त्या उंचीचे बांबू रोवा, वरून जुनी चादर बांधा, आणि दहा, बारा, दोन, चार आणि पाचला चादरीच्या सावलीची कड जमिनीवर फक्कीनं आखा. दिवाळीतला सूर्य वेगळा असतो, मेमधला वेगळा, म्हणून ही आखणी मेमध्ये परत करायची, आणि मधल्या काळात माझ्यासारख्या कोणाकडून तिचं गणित मांडून घ्यायचं. प्रत्येक वेळी वाडग्याच्या प्राणीरक्षकाला विचारायचं की या वेळेला जनावर कुठे बसतं. साहेबांनी विचारायचं आणि लिहून घ्यायचं. तो बोलतो, पण दोनदाच बोलतो.

2024 च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि नंतर तो यंत्राचा दोष निघाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मे 2013 मधले 47.9 मात्र खरे होते. ते दिवस मला आठवतात, कारण आम्ही पहाटे चारला काम सुरू करून नऊला बंद करत होतो. जनावराला तसा वेळ बदलता येत नाही.

विदर्भातल्या कोणत्याही प्राणीसंग्रहालयात मी वर सांगितलेली आखणी बिनपैशानं करून देईन. बांबू माझे, फक्की माझी, चादरही माझीच. तुमच्याकडून त्या वाडग्याचा प्राणीरक्षक दिवसभर माझ्यासोबत मोकळा हवा, आणि चार वाजता चहा. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी रिकामा आहे, त्यानंतर लग्नसराई लागते आणि मुलगा मला सोडत नाही.

आपला,
एक मांडववाला
नागपूर